कडू पाण्याचं साल

१

शुक्रवारी सकाळी हिलाल शाहने कोनाड्याचं जाळीचं दार उघडलं, हिरवा गिलाफ उचलला आणि तो हातात तसाच धरून उभा राहिला.

गिलाफाखाली तुंबा नव्हता.

तुंब्याच्या जागी मातीचं एक नवं बोळकं होतं. गळ्याभोवती गेरूचा पट्टा, आत पाणी. पाणी काठापासून दोन बोटं उतरलेलं, आणि खालचं फडकं ओलंचिंब.

पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी वाकपाडे म्हणून गाव आहे. गावाबाहेर कडुनिंबाखाली मुसाफिरशाह बाबांचा दर्गा. चुन्याचा लहानसा घुमट, त्याला चार बुटके मिनार, पुढे दगडी ओसरी आणि त्या ओसरीत हा कोनाडा. बाबा सहाशे वर्षांपूर्वी, फारुकी सुलतानांच्या अमलात, सातपुडा उतरून इकडे आले असं सांगतात. तहानेने व्याकुळ झालेल्या त्या फकिराला पाटलांच्या सुनेने कडू भोपळ्याच्या तुंब्यात पाणी दिलं. बाबा म्हणाले, "बेटी, हा तुंबा माझ्यापाशी राहील, पण भरायचा तुझ्याच घरच्या हातांनी." पुढे मोठा दुष्काळ पडला. बाबांनी नदीतला झिरा उपसून त्याच तुंब्याने भिल्लांच्या, कुणब्यांच्या, विणकरांच्या दारोदार पाणी नेलं. सुलतानाने सोन्याचा पेला पाठवला, तो त्यांनी परत केला. एके दिवशी निंबाखाली बाबा निजलेले सापडले ते कायमचेच. ओठ कोरडे आणि उशाशी तुंबा भरलेला. कुणाचं तरी पाणी पोचवायचं राहिलं होतं.

म्हणून तो कोनाडा कधी कोरडा ठेवत नाहीत. उरुसाला, मजारीवर चंदनाचा संदल चढला की त्या तुंब्यातलं चमचाभर पाणी जो तो घेतो. कधी वीस, कधी तीस वर्षांनी एखाद्या उरुसाला ते पाणी कडू लागतं. त्या सालाला कडू साल म्हणतात. बाबा रडले, असं म्हातारी माणसं सांगतात.

कुलूप शाबूत होतं, जाळीही शाबूत. किल्ली एकच, आणि ती मुजावर हिलालच्या कमरेला.

हिलाल ओरडलासुद्धा नाही. कारण त्याच वेळी गावातून तिरडी निघाली होती. गेली चाळीस वर्षं दर गुरुवारी तो तुंबा भरणारी धुरपदाबाई पाटील आदल्या रात्री गेली होती.

२

मंजुळाबाई दहाव्याला आल्या. जळगावहून सकाळच्या गाडीने निघाल्या, धुळ्याला गाडी बदलली, आणि नदीवर पोचल्या तेव्हा पिंड ठेवून झाले होते.

वाकपाडे त्यांचं माहेर. धुरपदा सोळाव्या वर्षी लग्न होऊन या गावात आली, तेव्हा मंजुळाही सोळाचीच. दोघींनी मिळून गुरुवार धरले ते आजतागायत. मंजुळा पुढे पोलिसात गेली, धुळ्याला हवालदार म्हणून निवृत्त झाली, आता मुलाकडे जळगावच्या पिंप्राळ्यात राहते. पण गुरुवार कधी सोडला नाही. उपासाच्या दिवशी जिभेवर खोटं येऊ द्यायचं नाही, हा तिचा नेम. आणि एक दिवस पाळला की सातही दिवस तीच सवय लागते.

त्या नदीकाठी उभ्या राहिल्या खऱ्या, पण कानात एकच वाक्य घुमत होतं. जायच्या दोन दिवस आधी धुरपदाने फोन केला होता.

"मंजुळा, गुरुवारले ये. एक काम शे. फोनवर सांगाजोगं नही."

"अगं, गुरुवारी माझ्या सोळा गुरुवारांचं उद्यापन आहे. अकरा सवाष्णी जेवायला सांगितल्या आहेत. उरुसाला येतेच आहे ना? तेव्हा बोलू की."

"बरं," धुरपदा म्हणाली. मग हसली. "तुन्हा पोटमा गोट टिकस, म्हनीसन तुलेच सांगनी व्हती. ऱ्हाऊ दे. उरुसले ये."

सवाष्णी जेवल्या, तृप्त झाल्या, ओटी घेऊन गेल्या. आणि रात्री निरोप आला.

नदीवरून परतताना कुणीतरी हळूच हाक मारली. "अक्का."

हिलाल शाह. सत्तरीचा, पांढऱ्या दाढीचा, ओल्या डोळ्यांचा. त्याने बोळक्याची हकीकत सांगितली आणि मान खाली घातली.

"उद्या संध्याकाळी संदल. तोवर तुंबा नाही मिळाला तर कमिटी पोलिसात जाणार, माझं नाव देणार. किल्ली तर काढूनच घेतील. आठ पिढ्यांची सेवा आहे अक्का. बाबांच्या दारात चोर म्हणून मरायचं नाही मला."

३

दर्गा कमिटीचा अध्यक्ष नवल पाटील ओसरीतच भेटला. चाळिशीचा, कडक इस्त्रीचा, बोलायला तिखट.

"अक्का, तुम्ही पोलिसातल्या. तुम्हीच सांगा. गुरुवारी दिवे लागायच्या वेळी धुरपदाकाकूंनी तुंबा भरला. हिलालचाचाने कुलूप लावलं. दहा माणसांनी बघितलं, मीसुद्धा. सकाळी कुलूप उघडलं तर बोळकं! म्हणजे चोरी रात्रीची. किल्ली कुणाची? यांची. आता यात डोकं ते काय लावायचं?"

"डोकं नाही, डोळे लावते," मंजुळाबाई म्हणाल्या. "तुम्ही काय बघितलंत? तुंबा, की गिलाफ?"

"म्हणजे?"

"कुलूप लावताना आत तुंबा दिसत होता, की गिलाफ घातलेला होता?"

नवल गडबडला. "गिलाफच. पण गिलाफाखाली दुसरं काय असणार?"

मंजुळाबाईंनी बोळकं मागून घेतलं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी पाणी भरून ठेवतात, तसलं. गेरूच्या पट्ट्यावर चुन्याचे पाच ठिपके.

"असली बोळकी घरोघर आहेत," नवल म्हणाला. "चोराने आमची थट्टा केली."

"थट्टा करणारा पाणी कशाला भरेल? तुंबा उचलायचा आणि पळायचं. इथे चोराला काळजी होती, नवलभाऊ. बाबांची जागा एक रात्रही कोरडी राहू नये याची."

हिलालने मान फिरवली. मंजुळाबाईंनी ते पाहिलं आणि मनात ठेवलं. त्यांनी बोळकं काठोकाठ भरलं, ओसरीवर फडक्यावर ठेवलं आणि घड्याळ बघितलं.

"आणि हो," नवल जाता जाता म्हणाला, "धुरपदाकाकूंच्या पुतण्याला विचारा. जितेंद्रला. धुळ्याच्या एका जुन्या वस्तू जमवणाऱ्या माणसाला त्याने तुंब्याचा फोटो दाखवला होता. गुरुवारी दुपारी धुळ्याला गेला म्हणतो. रात्री गुपचूप परत आला नसेल कशावरून?"

४

धुरपदाची जाऊ ताईबाई दारातच गळ्यात पडली.

"कशी चालनी गयी वं माय! सकाय तं मन्हासंगे चांगली बोलत व्हती!"

रडणं ओसरलं तशी ती बोलायला लागली. ताईबाईला बोलायला लागायचं, की थांबवायला दोन माणसं लागत.

"मन्हा तोंडमा तीळ भिजस नही, तुले तं माहीत शे. धुरपदाबाई मात्र पक्की. घरनी गोट घरमाच. सासूबाई भिकुबाई गेल्या तेव्हा सगळं तिच्याच कानात सांगून गेल्या. मी धाकली, मला कोण विचारतंय!" मग डोळे पुसता पुसता हसली. "पण येडीच व्हती हं जराशी. दरसाल गोठ्यावर कडू भोपळ्याचा वेल. मी म्हणे, बाई गं, ढोरं तोंड लावत नहीत, सासूबाईंनी लावला म्हणून तू पण लावतेस? तर म्हणे, असू दे, सावली पडते. दर्ग्यावरची वाळली फुलं टोपलीत घालून आणायची आणि त्याच्या बुडाशी टाकायची. कडू भोपळ्याले पीरना फुलं!"

"गुरुवारी कुठे सापडली?"

"गोठ्यात. जुन्या चुलीपाशी. मी तिचं उपासाचं ताट घेऊन गेले, तर आडवी पडलेली. गोठ्यात धूर. हाताची बोटं काळीकुट्ट. मीच ओल्या फडक्याने पुसली वं, अशी कशी पाठवायची म्हणून."

मंजुळाबाईंचं मन त्या काळ्या बोटांपाशी अडकलं.

गुरुवारी धुरपदा चूल पेटवत नसे. चहासुद्धा नाही. संध्याकाळी दर्ग्यात तुंबा भरायचा, मग जावेच्या घरून आलेलं ताट. तिचा नेम होता तो, पंचेचाळीस वर्षांचा. मग ज्या बाईने त्या दिवशी विस्तवाला हात लावायचा नव्हता, तिची बोटं काळी कशाने झाली?

"गोठा उघडलात त्यानंतर?"

"छे! दहावं होईपर्यंत तिच्या वस्तूला हात लावायचा नाही म्हणून कडी घातली ती घातलीच."

तेवढ्यात ताईबाईचा जितेंद्र आत आला. पिंपळनेरला त्याचं मोबाइलचं दुकान. मंजुळाबाईंना बघून तो उंबऱ्यातच थबकला, आणि त्याचा हात नकळत शर्टाच्या खिशावर गेला.

५

"काय आहे रे खिशात?"

"काही नाही आत्या."

"जितेंद्र, लहानपणी तू माझी शिट्टी चोरली होतीस, तेव्हाही हात असाच खिशावर होता."

तो खाली बसला. डोक्याच्या रुमालाने तोंड झाकून रडला. मग खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत हिरव्या रेशमाचा गोफ होता, दोन्ही टोकांना गोंडे.

"फोटो मी दाखवला, खरं आहे. पण तो तुंब्याच्या गळ्यातल्या गोफाचा. काकूंनीच काढायला लावला होता. धुळ्यात एक म्हातारा पटवेकरी आहे, गोफ-गोंडे करणारा, जुन्या वस्तू पण जमवतो. 'अगदी असाच गोफ करून आण, आणि कुणाला सांगू नको' म्हणाल्या. गुरुवारी आणायला गेलो. रात्रीची गाडी चुकली, शुक्रवारी सकाळी घेऊन आलो तर..." त्याने पुडीचा कागद चुरगळला. "कुणाला सांगू नको म्हणाल्या होत्या ना. म्हणून नाही सांगितलं. आता तो कुणाला देऊ, तेही कळत नाही."

मंजुळाबाईंनी गोफ हातात घेतला. त्या उठल्या आणि आधी दर्ग्यावर गेल्या. बोळकं भरून अडीच तास झाले होते. पाणी बोटभरसुद्धा उतरलं नव्हतं. कोरं मडकं उन्हाळ्यात पाझरतं, पण हळूहळू. दोन बोटं उतरायला रात्र जावी लागते. म्हणजे शुक्रवारी पहाटे कुणी येऊन बोळकं ठेवलं नव्हतं. दहा माणसांच्या देखत कुलूप लागलं, तेव्हाच गिलाफाखाली बोळकं होतं.

मग त्या गोठ्याकडे वळल्या. कडी काढली.

उन्हं कलली होती. कौलांच्या फटीतून उजेडाच्या रेघा पडल्या होत्या. चुलीत निंबाच्या पाल्याची अर्धवट जळलेली राख. शेजारी दर्ग्याची फुलांची टोपली, आणि तिच्यात, वाळलेल्या गुलाबांवर, बाबांचा तुंबा. गळ्यापासून पोटापर्यंत केसासारखी बारीक चीर गेलेली. गळ्यातली पितळी कडी अर्धी निघालेली.

चुलीच्या वर, धुरात, दुसरा तुंबा टांगलेला होता. तसाच. त्याच आकाराचा, त्याच वळणाचा, तेल चोळून जवळजवळ तितकाच काळा केलेला.

मंजुळाबाईंनी वर पाहिलं. आढ्याला ओळीने चार गाठोडी लटकत होती. त्यांनी पहिलं सोडलं. आत एक तुंबा. चिरलेला, गळा मोकळा. बाहेरचं फडकं भिकुबाईच्या अंजिरी लुगड्याचं. तो काठ मंजुळाने लहानपणी शेकडो वेळा पाहिला होता. दुसऱ्यात त्याहून जुना. तिसरा आणखी जुना. चौथा तर हातात घेताच कडांना भुगा होऊ लागला. प्रत्येक तुंबा एकेका बाईच्या नेसत्या वस्त्रात.

आणि चुलीजवळ, घडी घालून ठेवलेला, धुरपदाच्या हिरव्या लुगड्याचा एक तुकडा. कापून तयार.

मंजुळाबाई तिथेच जमिनीवर बसल्या. दहा दिवसांपूर्वी ऐकायला हवं होतं ते सगळं त्यांना आज, रिकाम्या गोठ्यात, कुणी न बोलता ऐकू आलं. गुरुवारले ये. एक काम शे.

६

रविवारी सकाळी त्या दर्ग्यावर गेल्या तेव्हा हिलाल ओसरी झाडत होता. त्यांनी टोपली त्याच्यापुढे ठेवली.

"भाऊ, एक विचारते. दर गुरुवारी धुरपदा तुंबा भरायची, तेव्हा तुम्ही बघत होतात का?"

केरसुणी थांबली. "नाही. बाबांनी तो मान तिच्या घराला दिलेला. मी दार उघडतो आणि मजारीकडे तोंड करून फातिहा म्हणतो. गिलाफ पडला की मग वळतो. सकाळपर्यंत गिलाफाला हात लावत नाही."

"हे नवलला का नाही सांगितलंत? तुमच्यावरचा आळ तिथेच गेला असता."

"गेला असता, आणि तिच्यावर बसला असता." हिलालने केरसुणी भिंतीला टेकवली. "मी जिवंत आहे अक्का, मी उत्तर देऊ शकतो. तिला आता कुठे उत्तर देता येणार?"

मंजुळाबाईंनी शांतपणे सगळं उलगडून सांगितलं. भोपळ्याचा तुंबा सहाशे वर्षं टिकत नाही. वीस-तीस वर्षांत चिरतोच. म्हणून पाटलांच्या घरची एक बाई दरसाल त्याच बियांचा वेल लावते, आणि जुना चिरला की नवा सुकवते, धुरी देते, तेल चोळते. गळ्यातली पितळी कडी आणि गोफ बदलायचा, तेवढ्यासाठी तुंबा एक रात्र घरी न्यायचा. त्या रात्री कोनाडा कोरडा राहू नये म्हणून बोळकं. धुरपदाने गुरुवारी फुलांच्या टोपलीतून बोळकं आणलं आणि तुंबा नेला. शुक्रवारी पहाटे, हिलालने दार उघडल्यावर, तो गिलाफ उचलायच्या आत, दिवा लावायच्या निमित्ताने नवा आणून ठेवणार होती. त्या कामासाठी तिने नेम मोडून गुरुवारी विस्तव पेटवला. कडी निम्मी निघाली, आणि तिचं हृदय थांबलं.

"आणि कडू साल?" हिलालने विचारलं. पण त्याच्या आवाजात उत्तर आधीच होतं.

"नवा तुंबा कितीही धुतला तरी पहिल्या वर्षी कडू उतरतो. भिकुबाई गेल्या, त्याच्या पुढच्या उरुसाला पाणी कडू होतं. आठवतं? धुरपदाने पहिल्यांदा बदलला तो."

हिलालने मान वर करून निंबाकडे पाहिलं. मंजुळाबाईंना भीती वाटली. चाळीस वर्षं ज्या वस्तूपुढे या माणसाने डोकं टेकलं, ती आपण हिरावून घेतली की काय!

"म्हणजे बाबांचा तुंबा कधीच संपला," तो म्हणाला.

"बी तेच आहे भाऊ. कडीही तीच."

"नाही अक्का, मला वाईट नाही वाटत." त्याने चिरलेल्या तुंब्यावरून हात फिरवला. "मला वाटायचं, एवढी सेवा मी एकटा करतो. दर गुरुवारी दोन पावलांवर उभी राहून ती बाई माझ्याहून मोठी सेवा करत होती, आणि मी पाठ फिरवून उभा होतो."

दोघांनी मिळून कडी नव्या तुंब्याच्या गळ्यात बसवली. गोफ मंजुळाबाईंनी बांधला.

दुपारी कमिटी जमली. नवलच्या हातात तक्रारीचा कागद लिहून तयार होता. मंजुळाबाई कोनाड्यापाशी उभ्या राहिल्या.

"तुंबा चोरीला गेलाच नव्हता," त्या म्हणाल्या. "कडी सैल झाली होती, गोफ झिजला होता. धुरपदा गुरुवारी तो घरी घेऊन गेली. पुरावा हा नवा गोफ. जितेंद्रने आणला आहे, धुळ्याच्या पटवेकऱ्याला विचारा. सकाळी तुंबा कोनाड्यात ठेवणार होती. मरणाने तिला तेवढी रात्र दिली नाही. हिलालभाऊंना ठाऊक असतं तर त्यांनी सांगितलं असतं; आणि शंका होती तरी त्यांनी तिचं नाव घेतलं नाही, स्वतःवर आळ घेतला. आता काय ते तुम्ही ठरवा."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. जे सांगितलं नाही, ते सांगायला कुणी विचारलंही नाही.

नवलने कागदाची घडी केली, मग आणखी घडी केली. पुढे होऊन तो हिलालच्या पायांशी वाकला. "चाचा, चुकलं."

"ऊठ रे," हिलाल म्हणाला. "संदल घोटायचा आहे अजून. इस्त्री मोडेल तुझी."

७

संध्याकाळी संदल चढला. उदाचा धूर घुमटाभोवती रेंगाळला. हिलालने तुंबा काढला आणि रांगेतल्या एकेकाच्या ओंजळीत चमचाभर पाणी घालू लागला. भरायचं काम यंदा मंजुळाबाईंनी केलं होतं. त्या पाटलांच्या घरच्या नव्हत्या, पण ताईबाईने स्वतः घागर त्यांच्या हातात दिली होती. "तूच भर वं. माले नही जमाव. ती तुले बहीनच माने."

पहिल्याच म्हातारीने तोंड वाकडं केलं. मग तिचे डोळे मोठे झाले.

"कडू! पानी कडू शे वं माय!"

रांगेत लहर गेली. मागच्यांनी पाणी चाखलं, एकमेकांकडे पाहिलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

"बाबा रडनात."

"धुरपदाबाईकरता रडनात. चाळीस वरीस पानी भरं तिनी."

नवलसुद्धा डोळे पुसत होता. जितेंद्र खांबाला टेकून उभा होता. कोनाड्याला लागून उभ्या असलेल्या मंजुळाबाईंना मात्र पाणी कडू का झालं ते माहीत होतं. तो कडवटपणा सालीतला, गरातला. धुरपदाच्या हातून धुवायचा राहिलेला. एवढं सगळं माहीत असूनही, ही माणसं चुकीचं बोलतात असं त्यांना म्हणता येईना.

पदराच्या गाठीत त्या कडू भोपळ्याच्या सहा बिया होत्या. एक बाई शोधायची होती, जिच्या पोटात गोष्ट टिकते. आणि ती सापडली की तिला 'उरुसाला बोलू' असं म्हणायचं नव्हतं.

त्यांची पाळी आली. हिलालने चमचा भरला. त्याची आणि त्यांची नजर मिळाली, क्षणभरच. पाणी जिभेवर पसरलं, घशाखाली उतरलं, आणि दहा दिवस अडून राहिलेलं रडू त्या कडूपणाबरोबर वर आलं.

लोक पुढे सरकायला सांगत होते. मंजुळाबाई हलल्या नाहीत. त्यांनी ओंजळ पुन्हा पुढे केली.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "अजून एक."